उजेड कथाईन येस?

सुकलाल आबा कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की चपला काढायच्या आधी खिडक्या बघायचे. घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी, यजमान "या, बसा" म्हणतोय, आणि हे उंबऱ्यातच थांबून भिंतींवरून नजर फिरवताहेत. मग पहिला प्रश्न यायचा, "उजेड कथाईन येस?" म्हणजे उजेड कुठून येतो. ओळखीच्या माणसांना याची सवय झाली होती. नव्या माणसाला मात्र हे वास्तूवाले असावेत किंवा घर विकत घ्यायला आले असावेत असं वाटायचं. आबा यातले कुणीच नव्हते. ते तांब्यापितळेवर वेल कोरायचे.

धुळ्यात आग्रा रोडवर आमचं भांड्यांचं दुकान. आजोबांनी मांडलं, वडिलांनी वाढवलं आणि मी स्टीलच्या नि नॉनस्टिकच्या लाटेत ते बुडू दिलं नाही, एवढंच माझं कर्तृत्व. घरात मारवाडी, गल्ल्यावर मराठी आणि आबा आले की अर्धी अहिराणी, अशी माझी जीभ दिवसभर कपडे बदलत असते. आबा सोनगीरचे, तांबटाच्या घरातले. घरातले बाकीचे हंडे-घागरी ठोकायचे, आबांनी लहानपणीच नक्षीची बारीक हातोडी धरली. मंगळवारी आणि शुक्रवारी ते एसटीनं धुळ्याला यायचे आणि दुकानाच्या ओट्यावर, शटरच्या उजव्या कोपऱ्यात बसायचे. डावा कोपरा सावलीचा, थंड. तिथं बसा म्हटलं तर म्हणायचे, "थंडगार बसाले मी काय माठ शे का?"

बुटका माणूस. चष्म्याला दोरा, अंगात बिनबाह्यांची बंडी, आणि बंडीच्या खिशात तांब्याचे बारीक कुरळे कीस. कलम म्हणजे त्यांची बोटभर लांबीची छिन्नी. ती पुढे सरकली की तिच्यापुढे तांब्याची केसाएवढी गुंडाळी उठते. ती जमिनीवर पडली तर कुणाच्यातरी पायात घुसेल म्हणून आबा ती उचलून खिशात टाकायचे. त्याच खिशात बिस्किटंही असायची. एकदा त्यांनी दिलेलं बिस्किट माझ्या बायकोनं खाल्लं आणि दातात तांबं अडकलं. तेव्हापासून ती आबांना चहा द्यायची, पण त्यांच्याकडून काही घ्यायची नाही.

त्यांचं एक बोट कायम चालू असायचं. उजव्या हाताचं पहिलं. बोलताना गुडघ्यावर, चहा पिताना ओट्याच्या फरशीवर, एसटीत पुढच्या सीटच्या पाठीवर ते वेल काढत राहायचे. एकदा पुढच्या सीटवरच्या बाईंना पाठीवर काहीतरी वळवळतंय असं वाटलं आणि त्यांनी गाडीत आरडाओरडा केला. कंडक्टरनं आबांना उठवून विचारलं, "बाबा, काय चाललंय?" आबा खालमानेनं म्हणाले, "काई नही भाऊ, वळण बठत नव्हतं." कंडक्टरला वाटलं म्हातारा गाडीच्या वळणाबद्दल बोलतोय. त्यानं त्यांना ड्रायव्हरच्या मागच्या आडव्या सीटवर बसवलं. ती जागा पुढे त्यांची ठरूनच गेली, आणि तिथं पुढे फक्त जाळी असल्यामुळे ते जाळीवर वेल काढायचे.

काम कितीही घाईचं असो, सकाळी पहिला वेल गिऱ्हाइकाच्या भांड्यावर पडायचा नाही. त्यांच्याजवळ तांब्याची एक जुनी पट्टी होती. राळ ओतलेल्या पाटावर ती चिकटवून ते तिच्यावर आधी एक वेल कोरायचे. बाहेरून सुरुवात, आत येता येता वळण आवळत न्यायचं, मध्ये एक डोळा. मग पोटाच्या बाजूला सावलीच्या रेघा. झाल्यावर त्याकडे बघायचे, आणि पट्टी उलटी करून ठेवायचे. पट्टी दोन्ही बाजूंनी भरली की घासून पुन्हा कोरी. "रोज तेच काय?" असं मी सुरुवातीला विचारायचो. ते म्हणायचे, "हात रात्रभर झोपेल रहास. तेले उठाडनं पडस." यापेक्षा मोठं तत्त्वज्ञान त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

वेलाचं त्यांचं म्हणणं सोपं होतं. कलम फिरवायची नाही, तांबं फिरवायचं. कलम जागच्या जागी, आणि डाव्या हातानं पाट हळूहळू तिच्याखाली वळवायचा. ज्यानं कलम वळवली त्याच्या वळणाला कोपरा आलाच. सावलीचं मात्र सोपं नव्हतं. वेलाच्या एका कडेला जवळजवळ, समांतर, बारीक रेघा ओढायच्या. प्रत्येक रेघ मुळाशी खोल आणि टोकाला जाता जाता नाहीशी. या टोकाला आबा शेपटी म्हणायचे. शेपटी तुटकी राहिली तर वेलाला जणू दाढी आली, आणि लांब गेली तर शेजारच्या पानात घुसली. नीट पडली तर मात्र सपाट पत्र्यातून वेल बोटभर वर आल्यासारखा दिसतो. हात लावला की सपाटच. गिऱ्हाइकं हमखास हात लावून बघायची, आणि आबांना ते फार आवडायचं.

पण हे उठून दिसणं उजेडावर अवलंबून. उजेड डावीकडून येत असेल तर सावली उजव्या कडेला हवी. उलट झालं की तोच वेल आत गेल्यासारखा दिसतो, पत्र्याला चर पडल्यासारखा. म्हणून आबांचा तो प्रश्न. भांडं घरात कुठं ठेवणार, तिथं उजेड कुठल्या अंगानं येतो, हे कळल्याशिवाय ते सावलीला हात घालत नसत.

यावरून एकदा एक लग्न मोडायची वेळ आली होती. चाळीसगावकडचे एक गृहस्थ मुलीला द्यायला तांब्याची घागर घेऊन आले. आबांनी विचारलं, पोरीच्या सासरी उजेड कुठून येतो? त्यांना काय माहीत! "मग फोन करा," आबा म्हणाले. गृहस्थांनी दुकानातूनच व्याह्यांना फोन लावला, रामराम झाला, आणि विचारलं, "तुमच्या घरात खिडक्या कुठल्या बाजूला आहेत हो?" मग व्याही म्हणाले, "का? आमचं घर अंधारं आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?" मग व्याहीणबाईंनी फोन घेतला. मुलगा बघायला आलात तेव्हा घर पाहिलंच होतं ना, आता खिडक्या कसल्या मोजताय, वास्तू बघायची होती तर आधी बघायची. गृहस्थांनी फोन कानापासून लांब धरला. शेवटी मी फोन घेतला आणि दुकानदार बोलतोय, नक्षीसाठी विचारतोय, असं समजावलं. त्यांना ते पटलं नाही, पण त्या म्हणाल्या, "पूर्वेला आहे खिडकी. चांगली मोठी आहे, सांगा त्यांना." आबा एवढा वेळ शांतपणे पट्टी घासत होते. एवढंच म्हणाले, "पूर्वेनी. बेस."

मी नावं टाकायचं विजेचं मशीन आणलं तेव्हा आबा रुसतील अशी माझी खात्री होती. दोन दिवस मी ते खोक्यातच ठेवलं. आबांनीच खोकं उघडलं, एका डब्यावर "सौ. मंगला" असं लिहून बघितलं आणि खूश झाले. म्हणाले, "शेठ, नावं बठ्ठी येनावर टाका. मनी कटकट गयी." बठ्ठी म्हणजे सगळी. लोकांच्या नावात त्यांना कधीच रस नव्हता. नावाला सावली नसते, असं ते म्हणायचे.

त्यांना रस होता तो रंजनात. रंजना त्यांची सून. मुलगा हायवेवर टायरच्या दुकानात, त्याला या कामात गम्य नाही. रंजना लग्न होऊन आली तेव्हा भांड्यांना चिंच लावून चकचकीत करायची. एक दिवस आबा धुळ्याला गेलेले असताना तिनं पट्टीवर कलम चालवून बघितली. आबा परत आले, पट्टी उलटी केली आणि ओरडायच्या ऐवजी म्हणाले, "कलम फिरावू नको, तांबं फिराव." तेव्हापासून ती त्यांच्यासमोर बसायची. वर्षानुवर्षं पट्टीवर. गिऱ्हाइकाचं भांडं तिच्या हाती त्यांनी कधी दिलं नाही. शाबासकीचाही त्यांचा हात आखडता. काम फार उत्तम झालं तर ते "बरं शे" म्हणायचे, आणि रंजनाला मी ते "बरं शे" मिळालेलं कधी ऐकलं नव्हतं. तिच्या कोपराला हात लावून "आठे आवळ", "आठे सोड", म्हणजे इथं आवळ, इथं सोड, एवढंच.

मग आबांचा उजवा हात थरथरायला लागला. वळण अजून बसायचं, कारण त्यात डावा हात पाट फिरवतो. पण सावलीच्या शेपट्या तुटायला लागल्या. सकाळच्या पट्टीवर मला ते दिसलं आणि आबांना तर माझ्या आधीच दिसलं असणार. त्यांनी सावलीची कामं घेणं बंद केलं. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, साधा वेल बरा दिसतो. मला फार वाईट वाटायचं. चव न घेता स्वयंपाक करणाऱ्या माणसासारखं ते काम करत होते.

अशात सोनगीरपुढच्या फाट्यावरच्या एका गावातून नाना आले. तिथल्या देवीच्या मंदिराचे ते कारभारी. गाभाऱ्याच्या दाराच्या दोन बाजूंना तांब्याचे दोन पत्रे बसवायचे होते, माणसाच्या उंचीचे, दोन्हींवर वेल, समोरासमोर. काम आबांनीच करायचं, तेही सावलीसकट, असा गावाचा आग्रह. ते गाव रंजनाचं माहेर. आबांनी हातातली पट्टी उलटी करून ठेवली. मग म्हणाले, डावा पत्रा मी जमेल तसा करीन, उजव्याची सावली सून भरेल. नानांना ते फारसं रुचलं नाही. "बाईमाणसाचं पहिलंच काम, तेही देवीचं?" असं ते बोलून गेले. आबा म्हणाले, "बिघडनं तर मी शे." आपल्या हातचं हे शेवटचं काम आणि रंजनाचं हे पहिलं, हे त्यांनी मला त्याच दिवशी सरळ सांगितलं. हे बिघडलं तर तिच्याकडे पुन्हा कुणी काम आणणार नाही, हेही.

सकाळच्या गाडीनं आबा मंदिर बघून आले. दाराकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला मंडप उघडा, डाव्या हाताला भिंत. उजेड उजवीकडून. दुपारपर्यंत बसून त्यांनी खात्री केली आणि शेवटच्या गाडीची भानगड नको म्हणून लवकर निघाले. घरी येऊन पातळ कागदावर खाका काढला, वेलासकट आणि सावलीच्या खुणांसकट. डावा पत्रा त्यांनी स्वतः केला. एकेक शेपटी थांबून थांबून, हात बसेपर्यंत वाट बघत. त्यात महिने गेले. मग खाका उलटा करून उजव्या पत्र्यावर उतरवला आणि रंजनापुढे सरकवला.

त्यांचा एक नियम होता, दुसरा माणूस सावली भरत असताना, आणि पुढे पत्रा जागेवर बसेपर्यंत, त्यात डोकावायचं नाही. हात बिचकतो. म्हणून रंजना कामाला बसली की आबा तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि हातोडीचे ठोके ऐकायचे. मी एकदा सोनगीरला तांबं पोचवायला गेलो तेव्हा हा देखावा पाहिला. सून वाकून कोरतेय, सासरे भिंतीकडे तोंड करून बसलेत, आणि मधूनच भिंतीला सांगताहेत, "ठोका जड पडना." पाठीमागून रंजना म्हणायची, "हो आबा." मला हसू आवरेना.

पत्रे बसवायच्या दिवशी मीच टेम्पो घेऊन गेलो. दुपार कलली होती. सुतारानं आधी डावा ठोकला, मग उजवा, आणि सगळे मागे सरून बघू लागले. डावा वेल पत्र्यातून बाहेर आला होता. उजवा आत गेला होता. वळणं तीच, पानं तीच, पण एकीकडे वेल आणि दुसरीकडे वेलाचे चर.

नाना म्हणाले, "डावं उठीसन दिखस. उजवं कोनी करं? वहूनी ना?" सगळ्यांनी सुनेकडे, रंजनाकडे बघितलं. माहेरची माणसं ती, तिला लहानपणापासून ओळखणारी. तिनं पदर सारखा केला.

आबा पत्र्याजवळ गेले, बघितलं, आणि मंडपात खालीच बसले. त्यांना काय झालं ते मला क्षणभरानं कळलं. खाका उलटा करताना वेल उलटायचा असतो, सावली उलटायची नसते. वेल समोरासमोर आले तरी उजेड एकाच बाजूचा. आयुष्यभर लोकांच्या खिडक्या विचारणाऱ्या माणसानं सावलीसकट कागद उलटा टाकला होता.

"चुकनं," आबा मोठ्यानं म्हणाले. "मनं चुकनं. खाका मी उलटा टाका. वहूनी मी दिधं तसं करं. तिना दोष नही." मग सुताराला म्हणाले, "काढ तो पत्रा."

सुतारानं पक्कड घेतली. तेव्हा रंजना बोलली. मी तिला आबांसमोर "हो" सोडून काही बोलताना प्रथमच ऐकत होतो.

"काढू नका. आरती व्हवू द्या."

"दिवा लाईसन चूक झाकाई जाई का?" आबा चिडले.

"चूक नही शे ती. मी देखीसन करेल शे."

मग तिनं हळूहळू सांगितलं. पहिल्याच दिवशी खुणा उलट्या आहेत हे तिच्या लक्षात आलं होतं. ती खोडणारच होती. पण तिला या मंदिरातली आरती आठवली. इथं आरतीच्या वेळी ट्यूबलाइट बंद करायची पद्धत आहे, दारासमोरच्या साखळीच्या दिव्यात देवीचं तोंड बघायचं असतं. दिवा बरोब्बर मधोमध. दोन्ही पत्र्यांवर उजेड मधून पडणार. माहेरी येऊन तिनं दोन संध्याकाळी उभं राहून ते पाहिलं, आणि सावली होती तशीच भरली. "दिवसा आठे कोन येस? बठ्ठा वावरमा. आरतीले येतस बठ्ठा."

"मंग माले का नही सांगं?"

"सांगती कोनले? तुम्ही तर पाठ करीसन बसेल व्हतात."

कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. आरतीपर्यंत थांबायचं ठरलं, सुतारानं पक्कड पिशवीत टाकली आणि आबा खांबाला टेकून त्या पत्र्याकडे बघत बसून राहिले. नाना दोनदा चहा घेऊन आले, दोन्ही वेळा तो तसाच निवला.

तिन्हीसांजेला वावरातून माणसं आली, बाया आल्या, घंटा वाजली. पुजाऱ्यानं दिवा लावला आणि कुणीतरी ट्यूबलाइट बंद केली. मी देवीकडे बघितलंच नाही. उजवा पत्रा बघत होतो. आत गेलेला वेल बाहेर आला. डावाही होता तसाच बाहेर. दोन वेल दिव्याकडे तोंड करून उभे राहिले. आरतीचे शब्द माझ्या तोंडातल्या तोंडात राहिले. नाना टाळ्या वाजवता वाजवता थांबले आणि उजव्या पत्र्याला हात लावून आले. सपाट आहे की नाही ते बघायला.

आरती संपल्यावर आबा उठले. चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले आणि थरथरता अंगठा उजव्या पत्र्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवला. प्रत्येक वळणावर थांबत. रंजना बाजूला उभी होती. आबा म्हणाले, "शेपट्या बऱ्या शेत." रंजनानं पदर तोंडाला लावला आणि ती गर्दीतून बाहेर निघून गेली.

शेवटची गाडी गेलेली, म्हणून दोघांना मी टेम्पोतून सोनगीरला सोडलं. वाटभर आबांचं बोट डॅशबोर्डवर चालू होतं. एकदाच म्हणाले, "आरतीले मी का नही थांबनू?" तो पत्रा तिथंच आहे. दिवसा गेलात तर उजवा वेल अजून आत गेलेलाच दिसतो. आबांनी ते कधी लपवलं नाही. स्वतःहून सांगायचे, दिवसाचा मी, संध्याकाळची ती.

त्यानंतर ओट्यावरच्या कोपऱ्यात रंजना बसायला लागली. आबा कधीमधी तिच्याबरोबर यायचे आणि खुर्चीवर बसायचे. त्यांचं शेवटचं येणं मला नीट आठवतं. एक बाई आल्या होत्या, सरकारी ऑफिसात नोकरीला, नव्या फ्लॅटसाठी तांब्याचा मोठा कलश घेतला होता. त्यावर वेल हवा होता. रंजनानं कलश हातात घेतला. आबांनी सवयीनं मान वर केली, "उजेड..." एवढं म्हणाले आणि थांबले. मग रंजनाकडे हात केला.

"तू इचार."

रंजनानं बाईंना विचारलं, "ताई, तुम्ही घरी कधी असता?"

बाई म्हणाल्या, "सातनंतरच. का?"

"मग दिवा कुठल्या भिंतीवर आहे ते सांगा."

बाई आठवून सांगू लागल्या, सोफा इथं, टीव्ही तिथं. आबांनी थोडा वेळ ऐकलं. मग उठले, चपला घातल्या, आणि गाडीची वेळ झाली नव्हती तरी स्टँडकडे चालू लागले. जाताना उजवा हात बाजूला सोडलेला होता, आणि त्याची बोटं नुसतीच थरथरत होती. त्यातलं एकही वेल काढत नव्हतं.